नऊ तुकड्यांच्या बदल्यात एक डबा

माझ्या फजित्या हा आमच्या नात्यागोत्यात जेवणाबरोबर वाढायचा पदार्थ आहे. पंगतीला उशीर झाला, वरात अडकली, बिजली गेली, की कुणीतरी म्हणतंच, "काका, तो तुमचा भलत्याच लग्नात आहेर दिल्याचा किस्सा होऊन जाऊ द्या." मग मी थोडं खरं, थोडं पदरचं घालून सांगतो. लोक हसतात. मलाही बरं वाटतं, की चला, मूर्खपणाचं काहीतरी चीज झालं.

एक किस्सा मात्र मी आजवर कुठल्या पंगतीत काढलेला नाही. तो स्टीलच्या एका डब्याचा आहे. डबा चांगला आहे. पाच किलो पोहे आरामात मावतात, वर कडी आहे, झाकण असं घट्ट बसतं की उघडताना पोटाशी धरावा लागतो. इंदूरच्या घरात पोह्यांच्या डब्याला काय मान असतो ते मी सांगायला नको. हा डबा मी घरात आणला, आणि त्याच्या बदल्यात जे दिलं ते माझं नव्हतं.

सुरुवात जुनी आहे. वाळवंटात अणुबॉम्बची चाचणी झाली तेव्हा आमच्या ऑफिसात पेढे वाटले गेले. वर्गणी सगळ्यांची, पण खोका घेऊन टेबलाटेबलाशी फिरायला मी पुढे. जसा काही तो बॉम्ब मीच रात्रपाळी करून जोडला होता. उरलेले चार पेढे रुमालात बांधून घरी आणले. बायको ओट्याशी होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची.

"अगं, तोंड गोड कर," मी म्हणालो. "आपण पण आता बॉम्बवाले."

तिनं पेढा हातात घेतला, बघितला, परत रुमालात ठेवला.

"मुलांना किरणोत्सर्गाचा धडा मीच शिकवते," ती म्हणाली. "मला हा गिळवणार नाही."

चारही पेढे मीच खाल्ले. वाया कशाला घालवायचे.

महिन्याभरात तिच्यासारख्या आणखी आठजणी जमल्या. दोन शिक्षिका, एक रेल्वेच्या ऑफिसातली, एक परिचारिका, बाकीच्या घर सांभाळणाऱ्या. हिरोशिमावर बॉम्ब पडला ती सहा ऑगस्ट, म्हणून दर महिन्याच्या सहा तारखेला संध्याकाळी पाच ते सहा या नऊजणी राजवाड्यासमोर रस्त्याच्या कडेला उभ्या राहायच्या. घोषणा नाही, भाषण नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही. छातीवर पुठ्ठ्याचा गोल बिल्ला, सेफ्टी पिननं लावलेला. बस.

पहिल्या सहा तारखेला मी समोरच्या फुटपाथवर उभा होतो. पाठिंबा द्यायला नव्हे. ऑफिसातलं कुणी बघेल आणि मला त्यांच्यातला समजेल या भीतीनं, हातात कचोरीचा द्रोण धरून, गिऱ्हाइकासारखा. शेजारी स्कूटर थांबवून एकानं विचारलं, "भिया, ये आंटी लोग किस बात पे खड़ी हैं?"

"पता नहीं भिया," मी म्हणालो. "कोई स्कूल-विस्कूल की होंगी."

आमच्यामध्ये पंधरा पावलांचा रस्ता होता, पण तेवढ्यात गाड्या थांबल्या होत्या आणि माझा आवाज, नको तेव्हा, चांगला खणखणीत आहे. घरी आल्यावर बायकोनं चप्पल काढता काढता एवढंच विचारलं, "कचोरी गरम होती?"

त्या नऊजणींत रांगेच्या टोकाला उभी असलेली बाई रेल्वेतली. आमच्याकडे माणूस गल्लीवरून ओळखतात, तशी ती खजरान्याला राहायची म्हणून आमच्या घरात खजरानावाली. तिनं माझा तो 'पता नहीं' शब्दन् शब्द ऐकला होता, आणि त्या दिवसापासून माझं नावच ते पाडलं. घरी आली की दारातूनच, "काय पतानहीं, बायको आहे का घरात? का तेही पता नहीं?" वीस-बावीस वर्षं. चारचौघांत. माझ्या व्याह्यांसमोरसुद्धा.

आता ते कापड. उभं राहायचं तर हातात काही हवं, म्हणून त्यांनी एक कापड शिवलं. गोधडीसारखंच, पण पातळ. पाठीला पांढरा मांजरपाट आणि वर नऊ तुकडे. प्रत्येकीनं एक तुकडा आणायचा, आणि तो अशा माणसाच्या कपड्याचा, ज्याचा विचार मनात आला की बॉम्ब ही कल्पनाच सहन होत नाही. आमच्या लेकीच्या शाळेच्या फ्रॉकचा निळ्या चौकडीचा तुकडा त्यात होता. देपालपूरच्या शाळेत शिकवायला रोज बसनं जाणारी एक होती, तिनं वडिलांच्या धोतराचा आणला. मधोमध धावदोऱ्यानं लाल अक्षरं घातली होती: बम नहीं चाहिए. 'बम'मधला 'म' जरा तिरका गेला होता. मी तो तिरका आहे हे सांगितलं. माझं त्या चळवळीतलं योगदान एवढंच.

खजरानावालीनं झबल्याचा तुकडा आणला होता. पिवळसर मलमल, कडेला एक बंद तसाच लोंबता ठेवलेला. तिला लग्नानंतर लवकरच मुलगा झाला होता आणि बारशाच्या आतच गेला. नाव ठेवायचं राहिलं, फोटो कुणी काढला नव्हता. पुढे मूल झालं नाही, नवराही लवकर गेला. त्या मुलाचं म्हणून जगात एवढं एक झबलं होतं. ते तिनं कापलं आणि या कापडाला दिलं. बायकोनं तिला तेव्हा विचारलं होतं, "अगं, सगळं कशाला देतेस? घरी ठेव ना." ती म्हणाली, "घरी ठेवलं की मी एकटी बघते. इथे येणारे-जाणारे बघतील."

देपालपूरवाली सगळ्यांत आधी गेली, आणि नेमकी सहा तारखेला दुपारी. बाकीच्या कापड घेऊन राजवाड्याला निघाल्या होत्या. तशाच ऑटो वळवून तिच्या घरी गेल्या. तिथे कुणाला काही सुचेना, तेव्हा त्यांनी ते कापड तिच्या अंगावर पसरलं, पाचेक मिनिटं गप्प उभ्या राहिल्या, आणि तिला उचलायच्या आधी घडी करून परत आणलं. तेव्हापासून तीच रीत पडली. जी गेली तिच्या घरी कापड जायचं. काही नातेवाईक कुरकुरायचे, "ये क्या नया नाटक है?" या ऐकायच्या नाहीत. कापड आमच्या घरी, बायकोच्या लोखंडी पेटीत असायचं. उरलेल्या चीजवस्तूही तिथेच: हजेरीची वही, पुठ्ठ्याचे बिल्ले, पोलिसांनी एकदा दिलेली समजपत्राची पावती, आणि जपानमधल्या कुण्या बायकांनी पाठवलेलं पत्र, त्यात कागदाचा घडी घातलेला एक पक्षी.

एकेक करत त्या कमी होत गेल्या. उभं राहणं आधी गुडघ्यांनी बंद केलं, मग करोनानं. शेवटी दोघीच उरल्या, माझी बायको आणि खजरानावाली.

गेल्याच्या गेल्या दिवाळीआधी बायको लेकीकडे पुण्याला गेली होती. दोन महिने घरात मी एकटा. आता इंदूर म्हणजे स्वच्छतेत पहिला नंबर; इथे रिकामा माणूस बसला की त्याला आपोआप काहीतरी साफ करावंसं वाटतं. रोज सकाळी कचरा गाडी गाणं म्हणत येते, सूखा वेगळा, गीला वेगळा. मला वाटलं, बायको येईपर्यंत घर चकाचक करून तिला चकित करावं. ती चकित झाली, त्यात शंका नाही.

दुपारी बर्तनवाली आली. पुण्यामुंबईकडे हिला बोहारीण म्हणतात. जुने कपडे घेऊन भांडी देणारी. मी माझ्या चार पँटी, दोन सफारी आणि एक कोट पुढे टाकला. माझी नजर डब्यावर होती. आमचा पोह्यांचा डबा पिचला होता, आणि बायकोनं कितीदा म्हटलं होतं, "एक घट्ट झाकणाचा बघा हो."

"इतने में तो कटोरी आएगी बाबूजी," ती म्हणाली.

मी सफारीच्या कापडाचं गुणगान केलं. तिनं सफारी उन्हात धरली. पलीकडचं चिंचेचं झाड दिसलं. मग मी आत जाऊन पेटी उघडली आणि जुन्या पलंगपोसात बांधलेलं एक गाठोडं दिसलं ते घेऊन आलो. चष्मा कपाळावर होता. गाठ सोडायचे कष्ट मी घेतले नाहीत. तिनं सोडली, एक कोपरा चाचपला, पांढरा मांजरपाट वर आला.

"ये तो गुदड़ी है. ये नहीं चलेगी."

"अरे बाई, चलेगी कैसे नहीं!" मी म्हणालो. "नीचे पूरी चादर लगी है, सूती. ऊपर का निकाल के फेंक देना."

हे वाक्य माझं. मी ते इथे मुद्दाम शब्दशः लिहितो आहे. तिला नको होतं. मी तिच्या गळ्यात मारलं. शिवाय ती निघता निघता वर एक लहान चाळणीही मागून घेतली.

वही, बिल्ले, पत्र हे मात्र वाचलं. माझ्या शहाणपणानं नव्हे. तो सूखा कचरा म्हणून मी पिशवीत भरून दाराशी ठेवला होता, पण दुसऱ्या दिवशी मला उठायला उशीर झाला आणि गाडी गाणं म्हणत पुढच्या गल्लीत गेली. मग पिशवी पेटीमागे सरकवली आणि विसरलो.

बायको आली, डबा बघून खूश झाली. "कितीला?" "जुन्या कपड्यांवर," मी छाती फुगवून म्हणालो. तिनं त्यात पोहे भरले. वर्षभर रोज सकाळी त्या डब्यातले पोहे, वर सेव आणि जीरावण मसाला घालून, मी दोनदा मागून खाल्ले.

या वर्षी थंडीत खजरानावालीनं अंथरूण धरलं. ऐंशी पार केलेली, डोळे काचबिंदूनं आधीच नेलेले, आता यकृत. भाचा आणि भाचेसून सांभाळत होते. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं होतं, म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं होतं. बायको तिला भेटून आली ती येऊन थेट खुर्चीत बसली. स्वेटर काढला नाही.

"तिला कापड हवंय," ती म्हणाली.

"अगं, अजून..."

"नंतर नाही. आत्ता. म्हणते, नंतर अंगावर टाकून मला काय कळणार? तिला तिचा तुकडा उसवून द्यायचाय. झबल्याचा. मुठीत ठेवायचाय, आणि जाताना तसाच तिच्याबरोबर जाऊ द्यायचा. मी शब्द दिलाय."

आणि ती उठून पेटीकडे गेली.

त्या वेळी मला सगळं एकदम दिसलं. पलंगपोस, गाठ, मांजरपाट, वर आलेला कोपरा. ऐन संकटात माझं डोकं फार झपाट्यानं चालतं आणि नेहमी चुकीच्या दिशेनं.

"तिथे नाही ते," मी म्हणालो. "ड्रायक्लीनला दिलंय."

"कधी?"

"तू नव्हतीस तेव्हा. कसर लागत होती. काही ठिकाणी दुरुस्ती पण सांगितलीय. विसरलोच बघ. चार दिवसांत आणतो."

तिनं माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षांच्या संसारात मी स्वतःहून एक कपडा धोब्याकडे टाकला नव्हता. पण तिला त्या दिवशी विश्वास ठेवायचा होता. "पहिल्यांदा काहीतरी धड केलंत," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी बर्तनवालीला शोधायला निघालो. या बायका एका वस्तीत राहतात हे माहीत होतं. दोन ऑटो आणि बऱ्याच चौकशांनंतर ती सापडली. दारात बसून पातेली एकात एक बसवत होती. मला तिनं लगेच ओळखलं.

"अरे, गुदड़ीवाले बाबूजी! डिब्बा ठीक है ना?"

मी गुदडीचं विचारलं. तिनं दोन्ही हात झाडले. खालची चादर काढून तिनं विकली. वरचे तुकडे? "वो तो पोंछेवाले को तौल में दे दिए. आपने ही बोला था, निकाल के फेंक देना." तिच्या आवाजात जराही टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

चिंध्यांचं ते गोदाम शहराच्या पार टोकाला. पत्र्याच्या शेडमध्ये कपड्यांचे ढीग, माणसापेक्षा उंच, आणि त्यांच्या पायथ्याशी उभी पाती लावून बसलेल्या बायका. कपडा पात्यावर ओढायचा, बटणं एका टोपल्यात, चेन दुसऱ्यात, उरलेलं कापड मागे. कारखान्यांत मशीनचं तेल पुसायला जातं ते. मी ढिगात हात घातला. अर्धा तास मी हिरवं, जांभळं, कुणाचं तरी गणवेशाचं उपसत होतो. वर्षभरापूर्वीचा तुकडा आज तिथे असेल ही आशा कुठल्या आधारावर होती, माहीत नाही. एक वयस्क बाई हात थांबवून म्हणाली, "क्या ढूंढ रहे हो बाबूजी, सोना रह गया क्या जेब में?"

"झबला," मी म्हणालो. "बच्चे का. पीला."

"बटनवाला?"

"नहीं. डोरीवाला."

"फिर तो गया. जिसमें बटन नहीं वो सबसे पहले जाता है, उसमें काटने को कुछ होता नहीं ना." मग तिनं माझ्याकडे जरा मायेनं बघितलं. "कितना बड़ा है बच्चा?"

मी मनात हिशेब केला आणि मूर्खासारखं खरं उत्तर दिलं. "पचपन का होता."

तिनं पुढचा कपडा पात्यावर ओढला.

घरी बायको रोज विचारायची, "ड्रायक्लीनवाल्याचं काय?" मी रोज म्हणायचो, "उद्या." तिसऱ्या दिवशी भाचेसुनेचा फोन आला, मावशी आता फार बोलत नाहीत, यायचं तर या. बायको म्हणाली, "मी पुढे जाते. तुम्ही तसंच असेल तसं घेऊन या. दुरुस्ती गेली खड्ड्यात."

इथे शहाण्या माणसानं कबूल केलं असतं. मी राजवाड्याला गेलो आणि पाव मीटर मलमल मागितली.

"पाव मीटर में क्या बनेगा अंकलजी?"

"झबला."

"पोता हुआ? बधाई हो!" दुकानदारानं हात मिळवला. मी मिळवला.

घरी येऊन तुकडा कापला, हातानंच वेडीवाकडी शिवण घातली आणि उसवली, म्हणजे भोकं दिसावीत. एक बंद टाचला. जुना वाटावा म्हणून सकाळचा उरलेला चहा भांड्यात होता त्यात बुडवला, पंख्याखाली वाळवला, हातात चोळचोळ चोळला. तिला दिसत नव्हतं, तरी मी रंगासाठी एवढा खटाटोप केला. पिवळा चांगला उतरला होता. ऑटोत बसल्यावर मला स्वतःच्या हुशारीचं थोडं कौतुकसुद्धा वाटलं. हेही लिहायलाच हवं.

खजरान्याला बुधवारची गर्दी होती. गणपतीला आलेली माणसं, हारवाले, लाडवांच्या टोपल्या. ऑटो अडला तिथे उतरून चालत गेलो. बायको आत स्वयंपाकघरात भाचेसुनेला चहाला मदत करत होती. खोलीत खजरानावाली एकटी. पलंगावर इतकी थोडी उरली होती की आधी मला वाटलं नुसतं ब्लँकेटच आहे.

"कोण, पतानहीं का?"

"हो. आणलंय." मी तुकडा तिच्या हातात ठेवला.

तिनं बोटांनी कडा चाचपल्या. बंद धरला, सोडला. मग हळूहळू तो नाकाशी नेला. बराच वेळ तिथेच धरून ठेवला.

"भावजी," ती म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "आल्याचा चहा होता का हो?"

मी खुर्चीत बसलो.

"वेलदोडा पण आहे," ती म्हणाली. "कुठे गेलं ते?"

मी सांगितलं. स्वयंपाकघरातून कपबशांचा आवाज येत होता, म्हणून हळू आवाजात, पण सगळं. सफारी, पलंगपोस, गुदडी नको म्हणणारी ती बाई, माझं वाक्य, गोदाम.

"डबा केवढ्याचा?"

"पाच किलो."

"झाकण घट्ट?"

"हो."

"मग चांगला आलाय." ती हसली, आणि हसण्याचा खोकला झाला. मी पाणी द्यायला उठलो तर हातानं बस म्हणाली. खोकला थांबल्यावर छताकडे तोंड करून पडून राहिली. "दोनदाच धुतलं होतं मी ते," ती म्हणाली. "तेवढेच दिवस मिळाले. तिसऱ्यांदा धुवायचं म्हणून ठेवलं होतं बाजूला, ते मग धुतलंच नाही. कापडात शिवायला दिलं तेव्हा तसंच दिलं."

बाहेर कुणीतरी लाडवांचा भाव ओरडत होतं.

"मी आहे तोवर हिला सांगू नका," ती म्हणाली. "ती माफी मागत बसेल, आणि मला तेवढा वेळ नाही."

"बरं."

"तुमची तर मी अजून ऐकलीच नाही."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात बायको ट्रे घेऊन आत आली, आणि खजरानावालीनं तुकडा मुठीत घेऊन मूठ ब्लँकेटखाली ओढली.

"मिळालं?" बायकोनं विचारलं. "बघू तरी."

"नाही दाखवत जा. माझं आहे," ती म्हणाली.

बायकोनं ट्रे टेबलावर ठेवला आणि ती रडली. आनंदानं, सुटल्यासारखी. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आणलंत हो वेळेवर." मी चहाचा कप उचलला. आल्याचा होता.

तिसऱ्या दिवशी खजरानावाली गेली. मूठ कुणी उघडली नाही. बायकोनं कुणाला उघडू दिली नाही. माझा चहात बुडवलेला पाव मीटर तिच्याबरोबर गेला. अंगावर घालायला कापड नाही, बाकीचं अजून दुरुस्तीतच आहे असं मी सांगितलं होतं, म्हणून बायकोला वाईट वाटलं, पण तीच म्हणाली, "तिचं तिला मिळालं, पुरे झालं." मी लाकडांकडे बघत उभा होतो. माफी मागायची राहिली होती, आणि आता ती ऐकायला कुणी नव्हतं.

मी आणखी काही दिवस गप्प राहिलो असतो. माझा स्वभाव मला माहीत आहे. कदाचित कायमचा गप्प राहिलो असतो. पण पुढच्या सहा तारखेला सकाळी बायको पोहे भिजवता भिजवता म्हणाली, "आज जाऊन ते कापड आणा ना. आठ तुकडे तर आठ तुकडे. आता मी एकटीच. माझ्या वेळेला ते तुम्हालाच आणून घालायचंय, बाकी कोण आहे?"

डबा ओट्यावर उघडा होता. मी त्याच्याकडे बोट केलं. तिला वाटलं मला पोहे जास्त हवेत. तिनं आणखी मूठभर घातले. मग मी सांगितलं. आल्याच्या चहापर्यंत सगळं. खजरानावाली काय म्हणाली तेही.

पाणी निथळून गेलं, पोहे चाळणीत फुगून बसले. चाळणी तीच, वर मागून घेतलेली.

"दोनदाच धुतलं होतं म्हणाली?" तिनं शेवटी विचारलं.

"हो."

"मला नव्हतं कधी सांगितलं."

त्या दिवशी पोहे झाले नाहीत. ती आत जाऊन बसली. दुपारी तिनं पेटीमागची पिशवी काढली. मग स्वयंपाकघरात आली, डब्यातले पोहे परातीत ओतले, डबा घासला, उन्हात पालथा घातला, आणि कोरडा झाल्यावर त्यात एकेक वस्तू ठेवली. हजेरीची वही. बिल्ले, पिना गंजलेल्या. पावती. जपानचं पत्र आणि तो कागदी पक्षी, त्याची चोच दुमडली होती ती नखानं सरळ करून. झाकण पोटाशी धरून लावलं. मी मदतीला हात पुढे केला, तो तिनं बघितला नाही.

संध्याकाळी ती राजवाड्याला गेली. इतक्या वर्षांनी, एकटी, बिल्ला लावून. मीही गेलो. ती उभी होती त्याच बाजूला, तिच्यापासून दोन हात अंतरावर उभा राहिलो. कचोरी घेतली नाही. कुणी काही विचारलं नाही. आता कुणी थांबतच नाही. तास संपल्यावर ती चालायला लागली, मी मागोमाग. ऑटोत बसलो. मग बाहेर बघत म्हणाली,

"माझ्या वेळेला तो डबा आणून उशाशी ठेवा."

"अगं..."

"आणि कुणी विचारलं हे काय, तर पता नहीं भिया म्हणू नका. कशाच्या बदल्यात घेतला ते सांगा. सगळं सांगा, तुमचे किस्से सांगता तसं."

म्हणून हे लिहून ठेवलं. तेव्हा माझ्या तोंडून निघेल की नाही, माझा मलाच भरवसा नाही.

डबा आता पेटीत असतो. पोहे प्लास्टिकच्या पिशवीत, तोंडाला रबर लावून. सादळतात. मी तसेच खातो.